बाबांच्या सायकलीला कंडक्टर हवा

गफ्फारचाचांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये गार उपम्याशी भांडत बसले होते. चाचा उगाच फोन करणाऱ्यांतले नाहीत, त्यामुळे चमचा तिथंच ठेवला.

"बेटा, तुह्या बापानं सायकल भिंतीले लावून देली," ते म्हणाले. "आता तू आली तरच निघते ती."

"काय झालं चाचा?"

"मी पडलो. घोट्याले पिलास्टर हाय. माह्यं सोड, हड्डी जुळते. पन तो म्हन्ते, गफ्फार नाई तं मी नाई. समजावून थकलो यार मी त्याले."

आधी हे दोघं कोण ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, उमरखेड-नागपूर गाडीवर. गफ्फारचाचा त्याच गाडीवर कंडक्टर. ड्युट्या बदलायच्या, पण हे दोघं कुणाची तरी मनधरणी करून पुन्हा एकत्र यायचे. रिटायर झाल्यावर बाबा उमरखेडला राहिले, चाचा यवतमाळला. आणि बाबा ओट्यावर बसायला लागले. सकाळी नागपूर गाडी जाते तेव्हा तिच्याकडे बघायचं, परत येते तेव्हा पुन्हा बघायचं. आई म्हणायची, माणूस घरात आहे की स्टँडवर, समजतच नाही.

मग चाचांनी कुठून तरी ऐकलं की यवतमाळला मोठी सायकल राइड असते. पाच-सातशे लोक एकदम निघतात, यवतमाळ ते आर्णी आणि परत, ऐंशीच्या वर किलोमीटर. म्हणजे यांचाच रस्ता. दोघांनी नावं दिली आणि बाबा ओट्यावरून उठले. तेव्हापासून रोज पहाटे सायकल. आईला फोनवर हसताना मी कितीतरी दिवसांनी ऐकलं. आणि आता घोटा.

"येते मी," मी म्हणाले. उपमा राहिला तो राहिलाच.

आता तुमच्यापैकी जे अशी राइड करायचा विचार करत असतील त्यांच्यासाठी एंट्रीचं सांगते, कारण खरी दमछाक तिथंच होते. नावं नोंदवायला पावसाळ्यानंतर सुरुवात होते आणि लवकर भरलं तर फी बरीच कमी पडते. पन्नास किलोमीटरचा एक गट असतो आणि आर्णीपर्यंतचा मोठा एक. पासष्टीच्या पुढच्या माणसाला मोठ्या गटात जायचं असेल तर दोन गोष्टी लागतात: डॉक्टरचं फिट असल्याचं सर्टिफिकेट आणि पासष्टीच्या आतला एक सोबती (चाचा बाबांहून बरेच धाकटे, म्हणून तेच). सोबती म्हणजे नुसतं शोभेचं माणूस नव्हे. वाटेतल्या प्रत्येक चौकीवर दोघांनी एकत्र पोचायचं, शेवटची रेषा दोघांनी एकत्र ओलांडायची. एक जण मागच्या गाडीत बसला की दुसरा आपोआप बाद.

मागची गाडी म्हणजे राइडच्या शेपटाला चालणारी बस. ठरलेल्या वेळेत जे पोचत नाहीत त्यांना ती गोळा करत येते. या बसबद्दल बाबांनी मला फोनवर एकच वाक्य सांगितलं.

"वैशू, त्या गाडीत मी पॅसेंजर म्हणून बसनार नाई. ह्या रोडवर तं नाईच नाई."

सोबत्याचं नाव बदलता येतं, पण त्याची मुदत असते. माझ्या हातात दोन दिवस होते. आयोजकांच्या नंबरवर जी मुलगी फोन उचलायची ती इतकी गोड बोलायची की तिच्यावर चिडताही येईना. चाचांचं प्लास्टर, माझं ओळखपत्र, बाबांची संमती, सगळं पाठवून झाल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, तुमची सायकलिंगची सवय आहे ना?" मी तीन वर्षं रविवारची पहाट सिंहगडाच्या पायथ्याशी घालवते. माझी सायकल एका बोटानं उचलता येते. हे सगळं मी तिला जरा लांबण लावूनच सांगितलं. आता आठवलं की स्वतःचंच हसू येतं.

पुण्याहून यवतमाळला थेट रेल्वे नाही. धामणगाव किंवा बडनेऱ्याला उतरून पुढं गाडी करता येते, पण सायकल सोबत असेल तर रात्रीची स्लीपर ट्रॅव्हल्स बरी. तिकीट काढण्याआधी ऑफिसात जाऊन डिक्कीत सायकल घेणार का हे तोंडी विचारा. ऑनलाइन तिकीट काढून ऐनवेळी सायकल घेऊन उभं राहिलात तर क्लीनर तुमच्याकडे असा बघतो की जणू म्हैस आणलीत. पुढचं चाक आणि पॅडल काढा, गिअरच्या बाजूला जुनी सोलापुरी चादर गुंडाळा, आणि ती बाजू वर राहील अशी स्वतः उभं राहून ठेवून घ्या. थोडे जास्तीचे पैसे मागतात, घासाघीस केली की कमी होतात. मी केली.

शनिवारी सकाळी यवतमाळ. थंडी कडक, तोंडातून वाफ निघत होती. स्टँडसमोर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल तर्री, वर कच्चा कांदा, आणि डोळ्यांतून पाणी. पुण्यात पोह्यांवर खोबरं टाकतात त्याबद्दल मला एरवीही फार काही म्हणायचं नसतं, पण त्या सकाळी वाटलं, कशाला जगतो आपण तिकडे.

बाबांची गाडी थोड्या वेळानं लागली. त्यांची सायकल टपावर होती. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना टपावर जायची शिडीच नसते, पण शिडीवाली गाडी कोणत्या फेरीला लागते हे बाबांनी डेपोत जाऊन विचारून ठेवलं होतं आणि त्याच फेरीनं ते आले. तुम्हाला त्या बाजूनं सायकल आणायची असेल तर आदल्या दिवशी स्टँडवर विचारा आणि सामानाचं तिकीट न कुरकुरता काढा. अर्थात तुमची सायकल उतरवायला ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघंही टपावर चढतील असं नाही. बाबांसाठी चढले. "ढोलेसाहेब, तुम्ही नका ना जी हात लावू," म्हणत त्यांनी ती काळी, डबल दांडीची, धिप्पाड सायकल खाली दिली. मी धरली आणि माझे खांदेच खाली आले.

"हिच्यावर ऐंशी किलोमीटर?" मी विचारलं.

"तुही कागदाची हाय का?" बाबा माझ्या सायकलीकडे बघून म्हणाले.

लॉजची चौकशी करून ठेवली होती, सगळे भरलेले. राइडच्या आदल्या रात्री यवतमाळात खोली मिळत नाही, महिनाभर आधी बुक करा. आम्हाला प्रश्न नव्हता. चाचांच्या घरी न उतरता लॉजवर गेलो असतो तर चाचींनी आम्हाला जन्मभर तोंड दाखवू दिलं नसतं.

चाचा अंगणात खुर्चीवर, प्लास्टरचा पाय स्टुलावर. बाजूला त्यांची सायकल. धुऊन पुसून तयार, साखळीला तेल, हँडलला नंबर बांधायला सुतळीसुद्धा लावून ठेवलेली. बाबा आल्या आल्या त्या सायकलीजवळ गेले आणि मागचं चाक दाबून हवा बघितली.

"तिच्यात हवा कायले पाहून राह्यला?" चाचा म्हणाले. "माह्यात पाह्य."

"तुह्यात तं पयलेच लय भरली हाय," बाबा म्हणाले.

चाचींनी सोलेभात केला होता. तुरीचे कोवळे हिरवे दाणे घालून केलेला हा भात यवतमाळात फक्त थंडीतच मिळतो, आणि राइडच्या आदल्या दिवशी पोटात काय घालावं याचं इंटरनेटवरचं सगळं ज्ञान एका ताटात बसतं. मी तीनदा घेतला.

दुपारी मैदानावर नंबर घ्यायला गेलो. तिथं मंडप, लांब रांग, आणि आनंदाचा नुसता गोंगाट. वणीहून आलेला डॉक्टरांचा घोळका, दारव्ह्याच्या कॉलेजच्या मुली, सूट घालून फोटो काढणारा एक नवरदेवसुद्धा, त्याचं लग्न चार दिवसांवर होतं. मला इतकं छान वाटत होतं की मी अनोळखी माणसांच्या टायरांची चौकशी करत सुटले. बाबांची सायकल तपासणीत एका नजरेत पास. माझ्यापाशी तपासनीस थांबला.

"मॅडम, घंटी?"

"अहो, ही रोड बाइक आहे."

"हो ना. रोडवरच चालते ना? घंटी नाही तं नंबर नाही."

मी वाद घातला. माझा स्वभाव आहे तो. नियमात 'इशारा देणारे साधन' असं लिहिलंय, तोंडानं ओरडणं हेही साधन आहे, वगैरे. मागची रांग चुळबुळायला लागली तशी बाबांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं. संध्याकाळपर्यंत घंटी लावून आणायची मुदत मिळाली.

"बाजारात कायले जाता," आम्ही घरी आल्यावर चाचा म्हणाले. "माही काढा."

पाना आणून बाबांनीच चाचांच्या सायकलीवरची घंटी सोडवली. जुनी, वाटीएवढी, जड. माझ्या नाजूक हँडलवर ती बसेना तेव्हा चाचांनी रबराचा तुकडा मध्ये घालून, खुर्चीत बसल्या बसल्या ती आवळली. बाबा तोवर आत चहा प्यायला गेले होते. चाचांनी तपासायला म्हणून अंगठा दाबला. ट्रिंग ट्रिंग.

आत बाबा कप घेऊन उठून उभे राहिले.

चाची इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. एसटीत कंडक्टरनं एक घंटी दिली की गाडी थांबवायची, दोन दिल्या की निघायचं. बाबांच्या अंगात ते इतकं मुरलंय की कपबशी हातात असली तरी फरक पडत नाही. मीही हसले, संध्याकाळी नंबर घेऊन आले आणि ते विसरून गेले.

रविवारी अंधार असतानाच मैदानावर. शेकडो सायकलींचे लाल दिवे, हातमोज्यांतून चोळलेले हात, कुणीतरी स्पीकरवर मोठ्यानं बोलतंय आणि कुणीच ऐकत नाहीये. चाचा रिक्षा करून आले होते. त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली.

"टायमावर ये."

"मी कधी लेट आलतो?"

"वर्ध्याले," चाचा म्हणाले. बहुतेक जुनं भांडण असावं, कारण बाबांनी लगेच मान फिरवून हेल्मेटचा पट्टा लावला.

निघालो. पहिला अर्धा तास मी विसरणार नाही. यवतमाळ उंचावर आहे, आर्णीकडे रस्ता उतरत जातो. चारपदरी, गुळगुळीत, एक बाजू आमच्यासाठी मोकळी ठेवलेली. दोन्हीकडे पऱ्हाटी, कपाशी वेचून झालेली, ट्रॅक्टरमधून सांडलेला कापूस रस्त्याच्या कडेला पांढरा. पूर्वेकडे लाली आली आणि शेकडो फ्रीव्हील एकदम किरकिरले. मी गाणं म्हणायला लागले. बाबा पुढे, ताठ, दोन्ही हात हँडलवर असे की जणू समोर अख्खी काच आहे.

हिवरीच्या जवळ शाळेतली मुलं रांगेनं उभी होती. मास्तरांनी त्यांना आणलं होतं आम्हाला प्रोत्साहन द्यायला. सगळ्यांनी हात वर केले.

बाबांनी ब्रेक मारला.

मी त्यांच्यावर आदळता आदळता वाचले. "काय झालं? पंक्चर?"

"हात दाखवला ना त्यायनं," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, ते टाटा करतायत."

"हो का?" ते म्हणाले, मुलांना "कितवीत हाय रे?" असं विचारून झालं, मग निघाले.

मला वाटलं एकदा झालं. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या लोकांना त्या दिवशी दुसरं काही कामच नव्हतं. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक हॉटेलापुढं माणसं उभी, आणि प्रत्येकाचा हात वर. बाबा प्रत्येकापाशी थांबत होते. मुद्दाम नव्हे. पाय आपोआप थांबत होता, खाली टेकत होता, मग त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. त्यात काही लोक खरोखर ओळखीचे निघाले. "डायव्हरसाहेब, तुम्ही अठी कसे?" मग चहाचा आग्रह. मी मागून ओरडत होते, "बाबा, चला." ते मान हलवायचे, आणि पुढच्या हातापाशी पुन्हा थांबायचे.

"तुम्ही बघूच नका त्यांच्याकडे," मी म्हणाले.

"मानूस हात दाखवते अन् मी पाहू नको? काहून?"

आमच्या गटातले सगळे कधीच पुढे गेले होते. नवरदेवही गेला. मागे वळून पाहिलं तर लांबवर एक लाल ठिपका. मागची गाडी.

जवळ्याच्या पुढं डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी उभी होती, बंजारा तांड्यावरची, आरसे जडवलेली जुनी काचोळी, म्हणजे चोळी, घातलेली. तिनं हात केला. ती टाटा करत नव्हती, तिला खरंच आर्णीला जायचं होतं आणि कुठलीही गाडी चालणार होती. बाबा थांबले. "याडी, आज गाडी नाई, सायकल हाय," असं म्हणून (याडी म्हणजे आई) ते तिला पुढची बस कितीला आहे ते सांगायला लागले. ती त्यांना गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, काहीतरी विचारत होती, ते अर्ध्या गोरबोलीत, अर्ध्या वऱ्हाडीत उत्तर देत होते. तिकडे तो लाल ठिपका आता बसएवढा झाला होता. माझा संताप संताप झाला. पण एवढ्या म्हाताऱ्या बाईसमोर बापावर ओरडणार कशी? मी रागानं घंटीवर अंगठा आपटला. दोनदा.

बाबांनी वाक्य अर्धं सोडलं, पाय उचलला आणि निघाले.

मी तिथंच उभी राहिले. म्हातारी माझ्याकडे बघून बोळक्या तोंडानं हसली.

त्यानंतर मजाच मजा. समोर हात दिसला की बाबा हळू होण्याआधी मी ट्रिंग ट्रिंग. बाबा लोकांकडे बघून मान झुकवायचे आणि पुढे. त्यांनाही कळलं होतं. एकदा मी उशीर केला तेव्हा ते मागे न बघता म्हणाले, "कंडक्टर, झोपली का?"

आर्णीच्या चौकीवर आम्ही मुदतीच्या आत पोचलो, जेमतेम. तिथं केळी, उकडलेले बटाटे आणि मिठाचं पाणी. तुम्ही जाल तेव्हा तिथं बसू नका, उभ्यानंच खा. मी बसले, तीच चूक झाली.

येताना चढ आहे. हे नकाशावर दिसत नाही, मांड्यांना दिसतं. शिवाय दहाच्या पुढं समोरून वारा सुटतो. बाबांची धिप्पाड सायकल एका लयीत चालत राहिली, जणू तिला वर-खाली काही कळतच नव्हतं. माझी कागदाची सायकल वाऱ्यावर हेलकावे खात होती. मी सकाळी गाणी म्हणण्यात आणि बापावर तापण्यात जे उधळलं होतं ते आता पाहिजे होतं. यवतमाळच्या अलीकडच्या मोठ्या चढावर माझ्या पोटरीत गोळा आला. असा आला की पॅडल फिरेना.

मी घंटी दिली. एक.

बाबा थांबले. सायकल कडेला उभी करून परत आले, मला खाली बसवलं, पाय लांब करून अंगठा मागे ताणला. खिशातून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढली. मागची गाडी आता इतकी जवळ होती की ड्रायव्हरचा चेहरा दिसत होता. मी रडकुंडीला आले. त्यांचा इतक्या महिन्यांचा घाम, आणि तो वाया घालवणार कोण, तर त्यांना मदत करायला पुण्याहून आलेली मी.

"बाबा, तुम्ही जा. मी त्यांना विनवते. वय बघून तुम्हाला एकट्याला सोडतील."

"कंडक्टर खाली हाय तोवर गाडी निघत नाई," बाबा म्हणाले आणि शेंगदाणे चावत राहिले.

"ती बस येतेय बाबा."

"येऊ दे. तिचा टाइम वेगळा, आपला वेगळा."

बस आमच्यापाशी येऊन थांबली. दार उघडलं. आतून थकलेले चार-पाच चेहरे आमच्याकडे बघत होते. ड्रायव्हरनं विचारलं, "बसता का जी?" नियम असा आहे की मुदत संपेपर्यंत तुम्ही हो म्हटल्याशिवाय ते तुम्हाला उचलत नाहीत, हे लक्षात ठेवा, घाबरून चढू नका. बाबा बसकडे बघेचनात. ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती, पण मला माहीत होतं त्यांना काय वाटत असेल. मी उठले. पोटरी ठणकत होती. सायकलीवर बसले, बाबा त्यांच्या सायकलीवर बसले, आणि मी दोनदा घंटी दिली.

शेवटचा चढ मी कसा चढले मला आठवत नाही. बाबांच्या मागच्या चाकाकडे बघत राहिले एवढंच. मग गावातली घरं, वळण, आणि एकदम मैदान. कमान, ढोल, फुगे. कमानीवरचं मोठं घड्याळ अजून चालू होतं. माणसं दोन्ही बाजूंनी ओरडत होती, हात उंचावत होती, आणि मी डोळे मिटून ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. बाबा थांबले नाहीत. एकाही हातासमोर थांबले नाहीत.

आणि मग, रेषेच्या हाताभर अलीकडे, थांबले.

चाचा. कमानीच्या खांबाला टेकून, एका हातात कुबडी, दुसरा हात वर.

"बाबा, घड्याळ," मी किंचाळले. घंटी दिली. दोन. पुन्हा दोन. बाबा हलले नाहीत. लोक ओरडत होते, आयोजकांचा माणूस हातवारे करत होता, मागून बसचा हॉर्न ऐकू आला.

"चाल ना बे," चाचा म्हणाले. "काय उभा राह्यला? मी कोठी चढू आता?"

"तुह्याशिवाय कशी नेऊ?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. माझ्या आयुष्यात मी तो तसा ऐकला नव्हता.

चाचांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग कुबडी टाकून, लंगडत दोन पावलं पुढे आले, माझ्या हँडलला धरून उभे राहिले आणि स्वतःच्या अंगठ्यानं स्वतःची घंटी दाबली. दोनदा.

बाबा निघाले. मी त्यांच्या बरोबरीनं. घड्याळ बंद झालं तेव्हा आम्ही रेषेच्या पलीकडे होतो, चार-दोन हात का होईना.

पदकं दोन मिळाली. बाबांचं पदक जेवायच्या आधीच चाचांच्या खुर्चीला लटकलं होतं. चाची म्हणाल्या, काढा ते, शेळीच्या गळ्यातल्यासारखं वाटतं. कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी परतायचं असेल तर सकाळी कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन या, तासाभराचं अंतरही नाही. आम्ही तिघं गेलो, चाचा रिक्षात पाय आडवा टाकून बसून राहिले आणि आम्ही येईपर्यंत चिवडा संपवला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत सायकल ठेवताना मी घासाघीस केली नाही.

पुण्यात परत आल्यावर रविवारच्या ग्रुपनं माझ्या सायकलीवरची घंटी पाहून माझी यथेच्छ टिंगल केली. माझ्या सायकलीचं वजन वाढलं म्हणे. मी काढली नाही. गर्दीच्या चौकात तिचा आवाज होतो तेव्हा रिक्षावालेसुद्धा वळून बघतात, आणि दर वेळी मला आर्णी रोड आठवतो. तुम्ही विचाराल, एवढी यातायात करून काय मिळालं, तर माझं उत्तर सोपं आहे. माझा बाप ओट्यावरून उठला. आणि मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्या गाडीत पॅसेंजर नव्हते.

काल बाबांचा फोन आला. पुढच्या वर्षीची नोंदणी सुरू झाली.

"मी भरते आपली," मी म्हणाले. माझं सगळं ठरलं होतं. आर्णीला बसायचं नाही, गाणी म्हणायची नाहीत.

पलीकडे बाबा खाकरले.

"तुहं नाव नाई टाकलं, वैशू," बाबा म्हणाले. "गफ्फारचं पिलास्टर कवाचंच निघालं. तो म्हन्ते, कंडक्टर ड्युटीवर हजर हाय."

मला आनंद झाला. खरंच झाला. आणि वाईटही वाटलं, तेही खरं.

"बरं," मी म्हणाले.

"तू ये ना. तुह्या गटात चालव. पन ते... घंटी पाठवून दे. त्याच्या सायकलीची हाय."

संध्याकाळी पाना घेऊन बसले. रबराच्या तुकड्यासकट घंटी काढली, त्याच सोलापुरी चादरीचा एक तुकडा फाडून त्यात गुंडाळली आणि यवतमाळच्या पत्त्यावर पार्सल टाकलं. आज सकाळी राइडला एक माणूस रस्त्याच्या कडेला उभा होता. कुणाला तरी बोलावत असेल, त्यानं हात वर केला. माझा अंगठा हँडलवरच्या रिकाम्या जागी दोनदा दाबला गेला, आणि मग मी बाबांसारखी पाय टेकून थांबले.